रस्सीखेच बघणारा चोर

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. जपानी ॲनिमेचा नवा सीझन आणि लेकीची पहिली नोकरी. एप्रिलपर्यंत नोकरी सुटलेली होती, आणि आम्हा नवराबायकोला त्याचा पत्ता नव्हता. ती रोज सकाळी डबा घेऊन निघत होती, संध्याकाळी दमून परत येत होती. मला ते कळलं रस्सीखेच खेळणाऱ्या आठ जपानी मुलींमुळे, आणि तेही मी चोर पकडायला निघाले म्हणून.

ज्यांच्या घरात हे लोण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ऋतू सहा. ॲनिमेवाल्यांकडे चार, तीन-तीन महिन्यांचे. दर ऋतूला वीस-पंचवीस नव्या मालिका येतात, आठवड्याला एक भाग, आणि बहुतेकींचा कारभार बारा भागांत आटोपतो. सीझन लागला की लेक एका रविवारी जेवढ्या आल्या असतील तेवढ्यांचे पहिले भाग ओळीने बघते आणि निकाल लावते. ठेवायची की टाकायची. तिचा एक नियम आहे. शंका असेल तर तीन भाग द्यायचे, तिसऱ्यालाही मन लागलं नाही तर बंद. पण शंका तिला क्वचितच येते. बहुतेकींना पहिली पाच मिनिटं पुरतात. आमच्या एक मामेसासूबाई मुलगी बघायला गेल्या की चपला काढता काढता नकार ठरवायच्या. ती कला एक पिढी गाळून हिच्यात उतरली आहे.

माझं नेमकं उलट. मी पानात टाकायचं नाही या शिस्तीत वाढले. लग्नानंतर या शिस्तीला दुसऱ्यांची पानंही जोडली गेली. लेकीने लहानपणी टाकलेला वरणभात मी ओट्याशी उभ्या उभ्या संपवलेला आहे, आणि माझं आजचं वजन ही बरीचशी तिचीच मेहनत आहे. तेव्हा तिने टाकलेल्या मालिकाही मलाच संपवाव्या लागतात. अर्धवट बघितलेल्या मालिकेच्या चित्राखाली एक छोटी लाल रेघ दिसते ना, ती बघितली की मला ताटाच्या कडेला सारलेली भाजी बघितल्यासारखं होतं. विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून सकाळी पोळ्या झाल्या की साडेअकरा ते साडेबारा हा माझा संपवण्याचा तास.

तर जानेवारीतला तो रविवार. लेक दिवाणावर लोळत, मी खुर्चीत मेथीची जुडी घेऊन, आणि नवरा पेपरामागे. तो ॲनिमे बघत नाही. तो कार्टून म्हणतो, पेपर धरून बसतो, आणि चार भागांत पान एकदाही उलटत नाही.

पहिल्या मालिकेत ऑफिसातून घरी निघालेला एक दमलेला माणूस ट्रकखाली येतो, आणि दुसऱ्या जगात, एका राजाच्या कोठीघरात, तराजू म्हणून जन्म घेतो.

पेपरामागून आवाज आला, "ट्रकवाल्याचं काय झालं?"

"बाबा, ट्रक महत्त्वाचा नाहीये."

"दर वेळी ट्रकच. शिळफाट्याला एकदा येऊन उभं राहा म्हणावं. एवढे ट्रक जातात, अजून एकही माणूस राजाकडे पोचलेला नाही."

"हा राजाकडे तराजू झालाय, बाबा. लोकांचं खरं वजन त्याला कळतं."

"खोटं वजन कळणारा हवा. आपल्या भाजीवाल्याकडे आहे तसा."

तराजू गेला. दुसरी मालिका काळोखी होती. शीर्षकगीत लागायच्या आत सात माणसं मेली. आठवी नायकाची आई. ती दारात उभी राहून हसली तेव्हाच मी म्हटलं, ही जाणार. लेक म्हणाली, गप गं. दोन मिनिटांत गेली. यात भविष्य सांगण्यासारखं काही नाही. ॲनिमेत आईची वेणी सैलसर असेल आणि एका खांद्यावरून पुढे सोडलेली असेल, तर ती बाई पहिला भाग पार करत नाही. चार वर्षांच्या निरीक्षणानंतर मी हे खात्रीने सांगू शकते. ज्या जगतात त्यांचे केस आखूड असतात, किंवा त्या परदेशी नोकरीला असतात. मेथी निवडता निवडता मी आपली वेणी मागे टाकली.

तिसरीत चार शाळकरी मुली छत्र्या दुरुस्त करण्याचा क्लब काढतात. बाकी काहीही घडत नाही. क्लब भरतो शाळेच्या गच्चीवर. मला नेहमी प्रश्न पडतो, या देशात सगळ्या गच्च्या उघड्या कशा? प्रेम गच्चीवर, भांडण गच्चीवर, डबा गच्चीवर. आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, आणि कुरडया घालायच्या म्हटलं तर ते विचारतात, "किती दिवस?"

चौथीत एक विधुर म्हातारा दीपगृहाशेजारी सूप विकतो. एक गाजर चिरायला त्याने चार मिनिटं घेतली. मागे व्हायोलिन. लेकीला हे फार आवडलं, तिने ठेवली. मला मात्र सारखं वाटत होतं, याच्याकडे पाहुणे आले तर उपाशी जातील.

आणि पाचवी ही रस्सीखेचवाली. खेड्यातली शाळा, पटावर मोजक्या मुली, त्यांचा रस्सीखेचीचा संघ. पहिल्याच सामन्यात शिट्टी वाजते आणि संघ सरळ चिखलात. सगळ्यात शेवटी, दोर कमरेला गुंडाळून उभी राहणारी जी मुलगी असते ना, ती नायिका. चिखलात बसून ती डोळ्यांतून दोन नळ सोडून म्हणते, मी दोर सोडणार नाही.

"ड्रॉप," लेक म्हणाली.

पेपर खाली आला. "अगं थांब. निकाल तरी लागू दे."

"बाबा, ह्या बारा भाग दोर ओढणार आहेत."

"मग? मी अठ्ठावीस वर्षं काय करतोय?"

नवरा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. लागला तेव्हा ज्या टेबलावर बसला, त्याच टेबलावर अजून बसतो. टेबल एकदा बदललं, पण ते वाळवी लागली म्हणून. लेक हसली, मी हसले, तोही हसला. मालिका टाकलेल्यांत गेली, म्हणजे माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी लेक नोकरीवर रुजू झाली. ठाण्याला घोडबंदर रोडवर काचेची इमारत, सातव्या मजल्यावर ऑफिस, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. नवऱ्याने बिल्डिंगभर पेढे वाटले. वॉचमनला दोन दिले, कारण त्याने विचारलं, "परमनंट ना?"

संध्याकाळी ती आली, तेव्हा मी चहा पुढे करून विचारलं, "कसं वाटलं?"

"पहिला भाग बरा होता. ओपनिंग भारी. पात्रं जरा जास्त आहेत."

"साहेब कसा आहे?"

"व्हिलन नाहीये. त्याला फक्त डायलॉग फार दिलेत."

"आणि जेवायला कोणाबरोबर बसलीस?"

"बॅकग्राऊंडमधल्या लोकांबरोबर. त्यांना अजून चेहरे नाहीत."

आम्हाला हे फार आवडलं. पहिला महिनाभर रोज असंच चालायचं. फेब्रुवारीत उत्तरं आखूड झाली. मार्चमध्ये मी विचारायचे, आज कसं होतं, आणि ती म्हणायची, "फिलर." फिलर म्हणजे ज्या भागात कथा पुढे सरकत नाही, नुसता वेळ भरायचा असतो. आठवडाभर फिलर, पुढचा आठवडाही फिलर. डबा अर्धा परत यायचा. घरातल्या बाईने यावरून काहीतरी ओळखायला हवं होतं. मी एवढंच ओळखलं की हिला फरसबी आवडत नाही. मी फरसबीऐवजी गवार द्यायला लागले.

एप्रिल आला. तिकडच्या हिशेबाने वसंत. पडद्यावर गुलाबी पाकळ्यांचा सडा, आणि डोंबिवलीत माणसं घामोळ्याची पावडर लावून बसलेली. नवा सीझन लागला. तो रविवार आला तसा गेला. मी विचारलं, "काय गं, पहिले भाग नाही बघायचे?" म्हणाली, "बघू नंतर." आयुष्यात पहिल्यांदा तिने एका सीझनला तोंड दाखवलं नाही. आणि त्याच सुमारास डबा स्वच्छ रिकामा येऊ लागला. अगदी पुसल्यासारखा. गवारसुद्धा. मी नवऱ्याला सांगितलं, माझ्या हाताला या वयात चव आली आहे. तो म्हणाला, "घरी अजून पोचलेली नाही ती."

मधले पंधरा दिवस माझा तास बंद होता. सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली दिली होती, आणि किल्ली हातात असेपर्यंत कुरडया, पापड, सांडगे सगळं उरकणं भाग होतं. ते झाल्यावर एका मंगळवारी, पोळ्या आटोपून, मी मोबाईल दाण्यांच्या बरणीला टेकवला आणि रस्सीखेच लावली. माझे तीन भाग झालेले होते, चौथा लावायचा होता. तर पडद्यावर पाटी आली. या खात्यावरून सध्या दुसऱ्या ठिकाणी पाहणं सुरू आहे.

आमचा प्लॅन सगळ्यात साधा, एका वेळी एकाच पडद्याचा. तीन माणसांत पुरतो, कारण एक बघत नाही म्हणतो, एक ऑफिसात असते, आणि उरलेली मी. मग दुसऱ्या ठिकाणी बघतंय कोण?

ऑनलाइन फसवणुकीवरच्या एका व्याख्यानाला मी हजर होते. ते ज्येष्ठ नागरिकांसाठी होतं, मी समोशांसाठी गेलेले. पण त्यातलं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. संशय आला की आधी पासवर्ड बदला. मी बदलला. मग आत जाऊन बघितलं, तर रस्सीखेचीची लाल रेघ नवव्या भागाच्या अर्ध्यावर. मी तीनच बघितलेले. मधले सगळे कोणीतरी माझ्या आधी संपवले होते. तोवर फोनवर मेल येऊन पडले. तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला. ठिकाण ठाणे. वेळ अकरा बेचाळीस. मग अकरा त्रेचाळीस. मग अकरा पन्नास. भामटा हट्टी होता.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी हा प्रसंग घरात मांडला. नवऱ्याने चष्मा लावून तिन्ही मेल वाचले.

"म्हणजे याने काही पैसेबिसे नाही घेतले?"

"नाही."

"माझा सातबारा नाही, तुझी पॉलिसी नाही. रस्सीखेच बघितली."

"नवव्या भागापर्यंत."

त्याने चष्मा कपाळावर सारला. "आहे भामटा, पण चिकाटीचा. नाहीतर आपल्या बाईसाहेब, एका भागात टाकून मोकळ्या."

लेकीला ठसका लागला. मी पाणी दिलं.

"उद्या तक्रार करतो," नवरा म्हणाला. "सायबरवाल्यांकडे. आज मसुदा करून ठेवतो."

"बाबा, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण पोलिसात जातं?"

"एवढीशी कशी? आज रस्सीखेच, उद्या घरात येईल. आणि ठाण्याचा आहे, तुझ्याच बाजूचा. ट्रेनमध्ये कोणी मोबाईलवर रस्सीखेच बघताना दिसला तर लक्षात ठेव."

"हो."

"वयाने कसा असेल गं?"

"मला काय माहीत, बाबा."

"रिकामटेकडा असणार. भर अकरा वाजता बघतोय म्हणजे नोकरी नाही त्याला."

तेव्हा मी लेकीच्या ताटाकडे बघितलं. त्या दिवशी दुधी होता. ही मुलगी जन्मल्यापासून दुधी बघून आजारी पडत आली आहे. तिने दुधी संपवला होता. मग पोळीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि खाली मान घालून आणखी एक पोळी मागितली. इतकं स्वच्छ ताट दोघांचंच असतं, परक्या घरच्या पाहुण्याचं नाहीतर काहीतरी लपवणाऱ्याचं. शाळेत सहामाहीत नापास झाले होते त्या आठवड्यात मी कारली खाल्ली होती, आईने न वाढता.

नवऱ्याने ओट्यापाशी बसून तक्रारीचा मसुदा केला. "अज्ञात इसमाने माझ्या पत्नीच्या रस्सीखेचीचे सहा भाग परस्पर पाहिले," अशी सुरुवात होती. मी त्याला थांबवलं नाही. खरं तर मला खात्री करून घ्यायची होती आणि खात्री नकोही होती, म्हणून मी त्याच्या मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी अकराला मी पासवर्ड परत जुना करून ठेवला. म्हणजे चोराला किल्ली उंबऱ्यावर काढून दिली. साडेअकरापर्यंत फोन पालथा घालून ठेवला. मग लावला. पाटी आली. सध्या दुसऱ्या ठिकाणी पाहणं सुरू आहे.

मी फोन बंद करून कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

विचारलं असतं तर खरं उत्तर आलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. नवऱ्याचा मसुदा नीट लिहून काढते म्हणत मी माझ्याकडेच दाबून ठेवला. सकाळी ती केस बांधून, ओळखपत्र गळ्यात अडकवून निघायची. मी डबा द्यायचे. त्यात भाजी जरा जास्तच घालायचे. संध्याकाळी मी रेघ बघायचे. दहावा संपला. अकरावा संपला. शुक्रवारी संध्याकाळी मला भीती वाटली ती याची, की आता एकच भाग उरलाय. सोमवारी अकरा वाजता तो संपेल. त्यानंतर ही दिवसभर काय करणार?

रविवारी सकाळी नवरा मासे आणायला गेला होता. मी आंघोळीआधी डोक्याला तेल लावून वेणी पुढे घेऊन बसले होते. लेक चहाचा कप घेऊन दारात आली.

मी म्हटलं, "बारावा राहिलाय ना गं तुझा?"

तिने विचारलं नाही, कशाचा. कप खाली ठेवला.

"कधी सोडलीस?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

"एक दिवस आधी सोडायचीस. मुहूर्त तरी मिळाला असता."

अशा वेळी आईच्या तोंडून काय निघावं याची एक यादी असते, त्यात हे वाक्य नाही, मला माहीत आहे. पण ती फसकन हसली आणि हसता हसता रडायला लागली. अगदी त्या मुलीसारखे दोन नळ. मी जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "आधी ती वेणी मागे टाक."

मी टाकली.

मग सगळं निघालं. ठाण्याला उतरून ती स्टेशनजवळच्या एका अभ्यासिकेत जात होती. महिन्याचा पास काढला होता. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, चालू घडामोडींत बुडालेले. कोणी मान वर करत नाही. त्यांच्यात कानात इअरफोनची बोंडं घालून ही रस्सीखेच बघत बसायची.

"आणि डबा?"

"तो सगळे मिळून खायचो. ती मुलं मेसवर जेवतात गं. तुझी गवार हिट आहे तिकडे. एक जण म्हणाला, मी पीएसआय झालो की आधी तुझ्या आईच्या पाया पडायला येणार."

म्हणजे चव हाताला आलेली नव्हती. भूक तिकडे होती.

"ऑफिसात कोणी काही बोललं का तुला? काही वाईट?"

"नाही गं. सगळे चांगले होते. पण आई, मी दिवसभर माफी मागायचे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चूक माझी नसायची. कंपनीची असली तर कंपनी मानायची नाही. मग मी माफी कोणाची मागतेय आणि कोणाच्या वतीने, तेच कळेना. कोणाचं काम तर होतच नव्हतं त्याने. तीन महिने दिले मी."

"तीन भागांचा नियम."

"हो."

"मग ती रस्सीखेच कशाला काढलीस परत? तू तर पहिल्याच भागात टाकलेलीस."

ती नाक पुसत म्हणाली, "बाबा म्हणाला होता ना, अठ्ठावीस वर्षं. मला बघायचं होतं, न सोडणाऱ्यांना शेवटी काय मिळतं."

"काय मिळतं?"

"बारावा नाही बघितला अजून."

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. आम्ही दोघींनी एकदम डोळे पुसले. नवरा बांगडे घेऊन आला, पिशवी सिंकमध्ये ठेवली, आणि आम्हाला बघून म्हणाला, "कांदा चिरताय का?" ओट्यावर कांदा नव्हता.

लेकीला मी म्हटलं, मी सांगते त्याला. ती म्हणाली, नको. मग तिनेच टीव्हीला फोन जोडला आणि बारावा भाग लावला. नवरा पेपर घेऊन जागेवर येऊन बसला. "याच का त्या?" म्हणाला. "चोराच्या?" लेकीने आवाज वाढवला.

अंतिम सामना. समोर शहरातला संघ, एकेक मुलगी दारासारखी. शिट्टी होते. वीस मिनिटं, मध्ये आठवणींचे दोन तुकडे सोडले तर, नुसता दोर. आमच्या मुली पाय रोवतात, सरकतात, पुन्हा रोवतात. नायिका शेवटी, दोर कमरेला, डोळे घट्ट मिटलेले. आणि मग त्या हरतात. दोर न सोडता हरतात. सगळा संघ ओढला जाऊन रेघेपलीकडे जातो. टाळ्या होतात, समोरच्या मुली येऊन वाकून जातात, मैदान रिकामं होतं, आणि नायिका तशीच बसलेली. तिची बोटं उघडत नाहीत. आखडलीत. मग बाकीच्या सात जणी गोल बसतात आणि तिचं एकेक बोट हळूहळू सोडवतात. शेवटचं बोट सुटतं, दोर खाली पडतो, आणि नावं यायला लागतात.

"हरल्या?" नवरा म्हणाला.

"हरल्या."

"बारा भाग ओढून?"

"हो, बाबा."

"मग कप कोणाला?"

"बाबा, चोर मी आहे."

त्याने पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "ठाण्याचा," तो म्हणाला, जणू मेल परत वाचतोय. "अकरा बेचाळीस."

"हो."

"ऑफिस?"

"सोडलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं."

"चार दिवस."

"आणि मला मसुदा लिहू दिलास. वर ऱ्हस्व-दीर्घ तपासलेस."

त्याचा राग खरा होता, आणि निम्मा माझ्यावर होता, ते योग्यच होतं. मी मेथी नसताना मेथी निवडल्यासारखी बोटं हलवत बसले. लेकीने सगळं परत सांगितलं, माफीचं, तीन महिन्यांचं, पाससुद्धा काढून दाखवला. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "पेढे वाटलेत मी. वॉचमनला दोन." मग परत ऐकत राहिला.

शेवटी विचारलं, "बसायचीस कुठे एवढा वेळ? एप्रिलात?"

"अभ्यासिकेत."

"पंखा आहे तिथे?"

"आहे. पण माझ्या डोक्यावर नव्हता."

"पंख्याखालची जागा लवकर जाऊन धरायची असते," तो म्हणाला. "एवढं तरी कळायला पाहिजे."

"हो."

"आणि सांगायला एवढे दिवस? मी काय खाणार होतो तुला?"

"तू म्हणाला होतास. अठ्ठावीस वर्षं दोर ओढतोय."

त्याने चष्मा काढला. "ते मी माझं सांगत होतो," म्हणाला. "तुला कोण म्हणालं ओढ?"

आणि उठून बांगडे साफ करायला गेला. तो बांगडे कधीच साफ करत नाही. दुपारी जेवताना काट्यांबरोबर खवलेही होते. आम्ही दोघींनी मुकाट्याने खाल्लं. संध्याकाळी तो लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, वॉचमनने विचारलं तर माझ्याकडे पाठव.

सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा आंघोळ करून आला, स्वतःचा डबा उचलला आणि म्हणाला, "तिचा भरला नाहीस?"

"ती कुठे चालली आहे आज?"

"मग घरी खाईल. भर तू."

मी भरला. लेक दहाला उठली. अर्ज करण्यासाठी लॅपटॉप उघडून बसली, दोन ठिकाणी काहीतरी पाठवलं, आणि एक वाजता डायनिंग टेबलावर माझ्यासमोर डबा उघडला. बरणीला फोन टेकवला. एप्रिलचा सीझन तीन आठवडे जुना झाला होता, पण पहिले भाग कुठे जात नाहीत. एक मुलगी पाकळ्यांच्या पावसात धावत येते, तोंडात पावाचा तुकडा, कोपऱ्यावर मुलाला धडकते. दोघं आडवे. मी म्हटलं, या देशात कोणी बसून नाश्ता करत नाही का?

"हिचे डोळे बघ," लेक म्हणाली. "चेहऱ्याचा निम्मा भाग डोळेच. ड्रॉप."

"अगं, आत्ताशी नाव लागलंय."

"कळतं ते."

तिने पुढची लावली. त्यात पहिल्याच दृश्यात एक आई दारात उभी, वेणी खांद्यावरून पुढे. आम्ही दोघी एकदम म्हणालो, गेली. आणि खरंच गेली.

जेवून ती हात धुवायला उठली. डब्यात अर्धी गवार उरली होती, कडेला सारून ठेवलेली. मी पानात टाकू नये वगैरे काही बोलले नाही. डबा पुढे ओढला, पावाची मुलगी परत लावली आणि संपवायला बसले.